ठिपके, रेषा आणि माईआत्या

महिन्याभरापूर्वीची गोष्ट. रात्री साडेदहाला भाचीचा फोन. तिच्या लग्नाच्या पत्रिकांवर नावं घालायचं काम चालू होतं.

"मामा, वाईच्या कुसुमकाकू आपल्या नक्की कोण लागतात रे? आई म्हणते माईआजीच्या सासरकडून, बाबा म्हणतात माहेरकडून."

मी जरा विचार केला आणि कबूल केलं की मलाही सांगता येणार नाही. असले प्रश्न आमच्याकडे माईआत्याला विचारायचे असत. ती वाती वळता वळता, मान वर न करता, तीन पिढ्या मागे जाऊन परत यायची आणि उत्तर हातावर ठेवायची. माईआत्या २००९ साली गेली. आणि तिच्याबरोबर हे 'कोण कोणाचं कोण' खातंही बंद झालं, असं मी तरी समजत होतो.

फोन ठेवला आणि एकदम आठवलं. २००१ च्या दिवाळीत मी तिच्यासमोर वही घेऊन चार दिवस बसलो होतो. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. २१२ माणसं झाली. मग नवीन नवीन शिकलेल्या प्रोग्रामिंगची खुमखुमी म्हणून मी त्याचं एक त्रिमितीय जाळं काढलं होतं, ब्राउझरमध्ये दिसणारं, माउसने फिरवता येणारं. वही पुढे घर बदलताना गेली. पण ती फाइल एका सीडीवर असणार!

सीडी सापडली. सीडी चक्क वाचलीही गेली. फाइल मात्र उघडेना.

ती का उघडेना, आणि मुळात असलं जाळं काढायचं कसं, याच्या मागे लागून मी गेला महिनाभर बरंच वाचलं. तेच आज लिहितोय. थोडं लांबण लागेल, तेव्हा चहा घेऊन बसा. :)

आधी एक खुलासा. शाळेत 'आलेख' म्हटला की क्ष अक्ष, य अक्ष आणि आलेखाच्या कागदावरचे निळे चौकोन आठवतात. इथे तो आलेख नाही. इथे फक्त ठिपके आहेत आणि ठिपक्यांना जोडणाऱ्या रेषा. ठिपका म्हणजे माणूस असेल, गाव असेल, नाहीतर एखादं वेबपान. रेषा म्हणजे त्यांच्यातला संबंध. ठिपक्यांच्या रांगोळीत आधी ठिपके ठरलेल्या जागी पडतात, मग रेषा येतात. इथे नेमकं उलटं. कोण कोणाला जोडलेलं आहे ते पक्कं ठरलेलं, पण ठिपका कुठे ठेवायचा ते कोणीच सांगितलेलं नाही. पुढची सगळी कथा या एका अडचणीची आहे.

सुरुवात बहुतेक सगळे जण लिओनार्ड ऑयलरपासून करतात. प्रेगेल नदीवरच्या क्योनिग्सबर्ग शहरात (आज ते रशियातलं कालिनिनग्राड) सात पूल होते. प्रत्येक पुलावरून एकदाच आणि फक्त एकदाच जाऊन सगळं शहर फिरता येईल का, असा प्रश्न. १७३६ साल ज्याला चिकटलं आहे त्या लेखात ऑयलरने दाखवलं की येत नाही. पुलांची लांबी, रस्त्यांची वळणं, कशालाच महत्त्व नाही, चार भूभाग कसे जोडले आहेत एवढंच बघायचं. गंमत अशी की आज प्रत्येक पुस्तकात या कोड्यासाठी चार ठिपके आणि सात रेषांचं जे चित्र असतं, ते ऑयलरच्या लेखात नाहीच. ते एकोणिसावं शतक संपता संपता आलं. 'ग्राफ' हा शब्दसुद्धा या अर्थाने सिल्व्हेस्टर या इंग्रज गणितज्ञाने १८७८ साली वापरला, तोही रसायनशास्त्रातल्या रेणूंच्या आकृत्या बघून. म्हणजे आधी विचार आला, चित्र खूप नंतर.

माणसांची जाळी काढायला सुरुवात केली जेकब मोरेनो या मानसोपचारतज्ज्ञाने. न्यूयॉर्क राज्यात हडसन इथे मुलींची एक सुधारशाळा होती. १९३२ च्या शरद ऋतूत तिथून दोन आठवड्यांत चौदा मुली पळून गेल्या. एरवीच्या मानाने हा आकडा कितीतरी पट होता. मोरेनो आणि त्याची सहकारी हेलन जेनिंग्ज यांनी कोणाला कोणाची सोबत हवी, कोणाला कोण नको, ते विचारून मुलींची जाळी काढली. त्याचं म्हणणं असं, की पळण्याची कल्पना कोणा एकीच्या स्वभावात शोधू नका, ती या रेषांवरून एकीकडून दुसरीकडे गेली. १९३३ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये या नकाशांबद्दल छापून आलं, आणि पुढच्या वर्षी त्याचं पुस्तक. ती चित्रं हाताने काढलेली होती. ठिपका कुठे ठेवायचा हे काढणाराच ठरवत होता, आणि सगळ्यांशी जोडलेल्या मुलीला मध्ये आणि एकट्या पडलेल्या मुलीला कडेला बसवलं की बघणाऱ्याला लगेच कळतं, हे मोरेनोला चांगलं ठाऊक होतं.

पण हाताने किती काढणार? वीस-पंचवीस ठिपक्यांपर्यंत ठीक. पुढे रेषांवर रेषा पडतात आणि चित्राचा लोकरीचा गुंता होतो.

रेषा एकमेकींना न छेदता काढता येतील का, हा प्रश्नही जुना. तीन घरं, आणि तिन्ही घरांना पाणी, गॅस आणि वीज यांच्या तीन ठिकाणांहून जोडण्या द्यायच्या, पण एकही रेष दुसरीला छेदता कामा नये, हे कोडं तुम्हीही लहानपणी वहीच्या शेवटच्या पानावर सोडवायला घेतलं असेल. ड्यूडनी या कोडेकाराने १९१७ च्या पुस्तकात ते दिलं होतं. ते सुटत नाही. १९३० साली कुरातोव्स्की या पोलिश गणितज्ञाने सिद्ध केलं की कागदावर छेद न देता न काढता येणाऱ्या प्रत्येक जाळ्याच्या पोटात दोनपैकी एक गुंता हमखास दडलेला असतो: एक तर हेच तीन घरांचं कोडं, नाहीतर प्रत्येकाशी प्रत्येक जण जोडलेले पाच ठिपके.

कागदावर. पण कागद सोडून हवेत गेलात तर?

हा भाग मला फार आवडला. पहिला ठिपका (१, १, १) या जागी ठेवा, दुसरा (२, ४, ८), तिसरा (३, ९, २७), म्हणजे आकडा, त्याचा वर्ग आणि त्याचा घन. असे ठेवलेले कोणतेही चार ठिपके एका सपाट पृष्ठावर येत नाहीत. आणि दोन सरळ रेषा एकमेकींना छेदायच्या तर त्यांची चारही टोकं एका पृष्ठावर असावी लागतात. म्हणजे छेद शक्यच नाही! जाळं कितीही गुंतागुंतीचं असो, तीन मितींत ते एकही छेद न देता, सरळ रेषांनी काढता येतं. पाणी, गॅस, वीज, सगळं पोचतं.

तर तिसरी मिती हवी, ती या मोकळ्या जागेसाठी. पण वर्ग-घनाची ती मांडणी छेद टाळते, अर्थ दाखवत नाही. जवळची माणसं जवळ दिसायला हवीत. त्याची युक्ती कशी आली ती गोष्ट वेगळी.

दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्कमध्ये जर्मनांचे गुप्त संदेश फोडणाऱ्यांत विल्यम टट नावाचा एक तरुण होता. पुढे तो कॅनडात गणिताचा प्राध्यापक झाला. त्याने १९६३ साली एक लेख लिहिला, नाव अगदी साधं, 'आलेख कसा काढावा' अशा अर्थाचं. कडेचे ठिपके खिळ्याने ठोकून टाका, आणि आतला प्रत्येक ठिपका आपल्या शेजाऱ्यांच्या बरोबर मध्ये येईल असा बसवा. कल्पना रबर ताणल्यासारखी. १९८४ साली पीटर ईड्सने यात एक पाऊल पुढे टाकलं. ठिपके म्हणजे लोखंडी कड्या, रेषा म्हणजे स्प्रिंगा. शिवाय जे जोडलेले नाहीत ते एकमेकांना दूर लोटतात. सगळं सोडून द्या आणि स्थिरावेपर्यंत थांबा. १९९१ साली फ्रुख्टरमन आणि राइनगोल्ड यांनी याला वेग दिला आणि 'तापमान' आणलं. सुरुवातीला ठिपक्यांना मोठ्या उड्या मारू द्यायच्या, मग हळूहळू थंड करत आणायचं.

आपल्या भाषेत सांगायचं तर लग्नाचं कार्यालय. दारातून लोक आत येतात, कोणी जागा नेमून देत नाही. तरी अर्ध्या तासात बघा. मामाकडचे एका कोपऱ्यात, ऑफिसचे दुसऱ्या कोपऱ्यात, ज्यांचं एकमेकांशी बोलणं नाही ते दोन टोकांना, आणि दोन्हीकडच्यांशी सलोखा असलेली एखादी मावशी मधल्या खुर्चीवर. कोणी न सांगता मांडणी आपोआप होते. या पद्धतीचं सगळं रहस्य एवढंच.

फक्त हिशेब फार होतो. प्रत्येक ठिपका दुसऱ्या प्रत्येकाला लोटणार. आमच्या २१२ माणसांच्या २२,३६६ जोड्या होतात, आणि त्या दर पावलाला मोजायच्या. हजार ठिपके घेतले तर पाच लाखांच्या आसपास. यावरचा तोडगा आला खगोलशास्त्राकडून. १९८६ साली जोश बार्न्स आणि पीट हुट यांनी ताऱ्यांच्या गुरुत्वाकर्षणाचा हिशेब करायची युक्ती काढली. लांबच्या ताऱ्यांचा पुंजका एकेक करून मोजू नका, सगळा मिळून एकच मोठा तारा धरा. जागेचे आठ भाग करायचे, प्रत्येकाचे पुन्हा आठ, असं करत जायचं. तारे एकमेकांना ओढतात आणि आपले ठिपके लोटतात, पण हिशेब तोच. आज ब्राउझरमध्ये हजारो ठिपके हलताना दिसतात ते या आकाशातल्या हिशेबामुळे.

आता मुख्य अडचण. पडदा सपाट आहे!

जाळं तीन मितींत एकही छेद न देता बसलं, तरी मॉनिटरवर त्याची सावलीच पडते, आणि सावलीत रेषा पुन्हा एकमेकींवर येतात. मग तिसऱ्या मितीचा फायदा तो काय?

याचं उत्तर संगणकाच्या आधीच मिळालं होतं. हान्स वॉलाख आणि ओ'कॉनेल यांनी १९५३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. वाकवलेल्या तारेची सावली पडद्यावर पाडायची. तार स्थिर असेल तर बघणाऱ्याला सपाट वाकडीतिकडी रेघ दिसते. तार फिरवायला लागा, आणि त्याच सावलीतून घन आकृती उभी राहते. डोळ्याला खोली दिसते ती हालचालीतून. १९९६ साली कॉलिन वेअर आणि ग्लेन फ्रँक यांनी कॅनडात हेच जाळ्यांवर करून बघितलं. जाळ्यातले दोन ठिपके उजळून दाखवायचे आणि विचारायचं, या दोघांना जोडणारा मधला कोणी आहे का? दोन डोळ्यांना वेगळी चित्रं आणि डोकं हलवलं की हलणारं दृश्य, असं दोन्ही दिल्यावर लोकांना सपाट चित्राच्या सुमारे तिप्पट मोठं जाळं समजू शकलं. आणि या दोन्हींत हालचालीचा वाटा मोठा होता.

हे वाचताना मी थांबलोच. या दोघांमधला दुवा कोण? हाच तर भाचीचा प्रश्न! आणि माईआत्या आयुष्यभर वाती वळता वळता हेच करत होती.

तर हलतं चित्र पाहिजे, आणि ते बघणाऱ्याच्या हातात पाहिजे. आता ब्राउझरकडे येऊ (आमच्या पिढीतले काही हौशी त्याला न्याहाळक म्हणत, मला तो शब्द अजून आवडतो).

'जुरासिक पार्क' आठवतोय? १९९३ चा. डायनोसॉर दाराशी आलेला आणि ती मुलगी संगणकावर ठोकळ्यांच्या गावावरून उडत उडत फाइल शोधते. पुष्कळांना ती सिनेमावाल्यांची थाप वाटली होती. पण तो खरा प्रोग्राम होता, सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीचा एफएसएन. मात्र तो चालायला त्या कंपनीचं महागडं यंत्र लागे. तुमच्या-आमच्या घरी असलं काही यायचं तर ते वेबवरूनच येणार होतं.

१९९४ च्या मे महिन्यात जिनिव्हाला पहिली वर्ल्ड वाइड वेब परिषद भरली. तिथे वेबपानांसारखी त्रिमितीय दृश्यंही जालावर असावीत अशी चर्चा झाली आणि डेव्ह रॅगेटने सुचवलेलं व्हीआरएमएल हे नाव रूढ झालं. मार्क पेशी आणि टोनी पॅरिसी ही त्यातली पुढची नावं. १९९५ मध्ये मिनेसोटातल्या जॉमेट्री सेंटरच्या टॅमारा मन्झनर आणि पॉल बर्चर्ड यांनी वेबपानांच्या दुव्यांचंच जाळं एका गोलात बसवून दाखवलं, तेही व्हीआरएमएलच्या परिषदेत. १९९७ मध्ये व्हीआरएमएल आंतरराष्ट्रीय प्रमाणही झालं. त्याच सुमारास जावा आली. तिच्यासोबत मिळणाऱ्या नमुन्यांत ठिपके-स्प्रिंगांचं एक छोटं जाळं होतं, ठिपका माउसने ओढला की बाकीचे फरफटत मागे यायचे. दुसऱ्या एका नमुन्यात रेणू हाताने फिरवता यायचा. मी ते दोन्ही किती वेळ खेळत बसलो होतो ते इथे लिहीत नाही, बायको वाचते. :)

२००१ चं माझं जाळं याच व्हीआरएमएलमध्ये होतं. सी भाषेत लिहिलेला प्रोग्राम रात्रभर चालवून ठिपक्यांच्या जागा काढल्या, आणि त्यातून फाइल तयार केली. जन्माची नाती पांढऱ्या रेषांनी, लग्नाची लाल. सकाळी आत्याला खुर्चीत बसवलं आणि दाखवलं. तिने चष्मा पुसून बराच वेळ बघितलं.

"अरे, मला कुठे टांगलंयस? मी दिसतच नाही."

खरंच दिसत नव्हती. तिच्यासमोर आमच्या वाड्यातल्या सगळ्या काका मंडळींचा पुंजका आला होता. मी माउस धरून जाळं फिरवलं, साधारण पाव फेरी. काका मंडळी बाजूला सरकली आणि मागून तिचा ठिपका आला. एका बाजूला माहेरचा पुंजका, दुसऱ्या बाजूला सासरचा, आणि मध्ये ती. तिने काही न बोलता माउस माझ्या हातातून घेतला आणि स्वतः फिरवत बसली. तिचा आयुष्यातला पहिला माउस. शेवटचाही असेल.

त्यानंतरचा इतिहास तसा दुःखाचा. व्हीआरएमएल, जावा, फ्लॅश, सगळ्यांना ब्राउझरमध्ये वेगळं प्लगइन लागे. डायल-अपवर ते उतरवायला अर्धा दिवस जाई, आणि सुरक्षेची भोकं पडत ती वेगळीच. १९९८ नंतर मोठ्या कंपन्यांचा व्हीआरएमएलमधला रस आटत गेला. जावाची प्लगइन क्रोमने २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने २०१७ मध्ये बंद केली. फ्लॅशचा शेवटचा दिवस ३१ डिसेंबर २०२०. त्या काळात लोकांनी काढलेली कितीतरी फिरती चित्रं अशी बघता बघता बंद पडली. मोरेनोचं १९३४ चं पुस्तक मात्र आजही कोणीही उघडून बघू शकतं.

दुसरीकडे वेगळं काही शिजत होतं. मोझिलामधल्या व्लादिमीर वुकिचेविचने २००६ मध्ये ब्राउझरच्या आतूनच, प्लगइनशिवाय, ग्राफिक्स कार्डाकडून त्रिमितीय चित्र काढून घेण्याचे प्रयोग दाखवले. २००९ मध्ये ख्रोनोस या संस्थेने त्यासाठी गट नेमला आणि मार्च २०११ मध्ये वेबजीएलची पहिली आवृत्ती आली. पण वेबजीएलला फक्त त्रिकोण, रेषा आणि ठिपके कळतात. एक साधा गोल काढायचा तरी ओळीच्या ओळी लिहाव्या लागतात. ते काम सोपं केलं थ्री.जेएसने. मिस्टर डूब या नावाने वावरणाऱ्या रिकार्डो काबेयोने ती एप्रिल २०१० मध्ये खुली केली. स्टॅनफर्डमधून २०११ मध्ये डी-थ्री आली, तिच्यात स्प्रिंगांचा हिशेब आयता होता, पण दोन मितींचा. पुढे वास्को आस्तुरियानोने त्या हिशेबाला तिसरी मिती दिली, थ्री.जेएसशी जोडलं आणि सगळं फुकट वापरायला ठेवलं. ऑयलर, टट, ईड्स, आकाशातले तारे, सगळे एका छोट्या फाइलीत. आता जाळं काढायला वीस-पंचवीस ओळी पुरतात. त्याला फक्त दोन याद्या द्यायच्या: माणसं कोण, आणि कोण कोणाशी जोडलेलं.

पण माझ्याकडे याद्या कुठे होत्या? वही तर गेलेली.

एका रविवारी, काही सुचेना म्हणून, ती फाइल मी सरळ नोटपॅडमध्ये उघडली. आणि काय सांगू, ती साधी अक्षरं निघाली! व्हीआरएमएलची फाइल मुळात मजकूरच असते. वर २१२ जागांचे आकडे, खाली रोमन लिपीत नावं, आणि मग आकड्यांची लांबलचक रांग: ० ते १, १ ते ७, ७ ते १२... प्रत्येक जोडी म्हणजे एक रेष. आणि प्रत्येक रेष म्हणजे 'अमकी तमक्याला दिली' हे माईआत्याचं एकेक वाक्य. लाल की पांढरी तेसुद्धा लिहिलेलं होतं.

दोन संध्याकाळी बसून याद्या वेगळ्या केल्या आणि नव्या पानात घातल्या. ठिपके आधी सगळे एका जागी गोळा झालेले, मग एकदम फुटून पांगले, डुलत डुलत स्थिरावले. २००१ मध्ये ज्याला एक रात्र लागली त्याला आता पाच सेकंदही लागले नाहीत. मी फिरवलं. काका मंडळी बाजूला झाली.

एक गंमत म्हणून तिचा ठिपका काढून बघितला. दोन पुंजके सुटून लांब गेले. मध्ये उरल्या फक्त तीन लाल रेषा. आईला विचारलं, तर म्हणाली, ती तिन्ही लग्नं माईनेच जमवलेली. आमच्या कुलवृत्तांतात माईआत्या अर्ध्या ओळीत आहे: नाव, सासरचं गाव, पूर्णविराम. मुलगी दिली की त्या झाडाची फांदी तिथेच संपते. वंशावळीचं झाड काढणाऱ्यांची चूक नाही म्हणा, झाडाला मधोमध कोणी नसतंच. आणि आमच्यात मामाच्या मुलीशी झालेली लग्नंही आहेत, म्हणजे फांद्या पुन्हा एकमेकींना येऊन मिळतात. आमचं झाड नाहीच ते, जाळंच आहे. कागदावर ते मावत नाही म्हणून आम्ही ते कधी बघितलं नव्हतं.

अर्थात तिसरी मिती म्हणजे सगळ्यावर औषध नव्हे. पुढचा ठिपका मागच्याला झाकतो, अंतरं फसवी दिसतात, लांबची नावं वाचवत नाहीत. गोलातलं जाळं दाखवणाऱ्या त्याच मन्झनरबाईंनी २०१४ च्या आपल्या पुस्तकात बजावलं आहे की सबळ कारण असल्याशिवाय त्रिमितीच्या वाटेला जाऊ नका. वीस माणसांचं कुटुंब असेल तर कागद-पेन्सिल घ्या, सुखी व्हाल. पण जाळं मोठं आणि गुंतलेलं असेल, तर फिरवता आलं पाहिजे. एका बाजूने बघून कोण मध्ये आहे ते कळत नाही.

आणि मी शिकलो ते एवढंच: चित्र कशातही काढा, पण याद्या साध्या मजकुरात, वेगळ्या ठेवा. आजचं हे पानही वीस वर्षांनी उघडेल याची मला खात्री नाही. म्हणून दोन्ही याद्या छापून आईच्या कपाटात ठेवल्या आहेत, कुलवृत्तांताच्या शेजारी.

कुसुमकाकूंचा निकाल लागला. भाचीचे आई आणि बाबा, दोघंही बरोबर. त्या आत्याच्या सासरच्या चुलत नणंद, आणि लग्नानंतर आमच्या आजीच्या भावाची सून. मधला दुवा अर्थातच माईआत्या.

आता घरच्या मंडळींसाठी. चौदा ठिपके असे आहेत की मला ती माणसं ओळखता येत नाहीत. घाईत मी नुसतं 'बंडूमामा', 'पेणची ताई', 'दुकानवाले अण्णा' एवढंच लिहून ठेवलंय. रेषा आहेत, त्या कोणाकोणाकडे जातात तेही दिसतं, पण माणूस कोण ते कळत नाही. आत्याला तेव्हा विचारायचं राहिलं. यादी सगळ्यांना पाठवतो आहे. ज्यांना आठवेल त्यांनी, आणि विशेषतः ज्यांच्या घरी कोणी ऐंशीच्या पुढचं आहे त्यांनी, कृपा करून या आठवड्यात विचारा. पुढच्या दिवाळीवर ढकलू नका.